शेडनेटच्या आड कोण राहतं?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी परदेशी शिष्टमंडळ येणार होतं. गावाचं नाव लिहीत नाही, खात्याचंही नाही, कारण गोष्ट एका गावाची नाहीच. आठ दिवस आधीपासून धावपळ सुरू झाली. दुभाजकाला काळा-पिवळा रंग, रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, वर्षभर तोंड वासून बसलेल्या खड्ड्यांवर एका रात्रीत डांबर. नर्सरीतून टेम्पो भरून कुंड्या आल्या. मी बातमी दिली, "पाहुण्यांच्या स्वागतासाठी शहर सज्ज". चार कॉलम, फोटोसह. संपादक खूश, साहेब खूश, मीही खूश.

त्याच रस्त्यावर एक मावशी पेरू विकायच्या. त्यांना आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, "तीन दिवस इथं बसायचं नाही." तोंडी. कागद नाही, शिक्का नाही. मावशींनी त्याच दुपारी पाच कॅरेट पेरू उचललेला होता. पिकलेला पेरू किती टिकतो हे राहात्याच्या पट्ट्यात लहान पोराला पण माहीत आहे. त्या मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेपरवाले ना? मग त्यांना विचारा की, त्या पाहुण्यांना पेरू चालत नाही का?"

मी हसलो आणि निघून आलो.

तिसऱ्या दिवशी गाड्यांचा ताफा आला. काळ्या काचा, वर केलेल्या. त्या रस्त्यावरून पूर्ण ताफा जायला पाच मिनिटं सुद्धा लागली नाहीत. कोणी बुंध्यांचा गेरू बघितला नाही, कोणी कुंडी बघितली नाही. मावशींचा निम्मा माल शेळ्यांपुढे गेला. माझ्या बातमीत त्या कुठेच नव्हत्या. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आमचे सर सांगायचे, कार्यक्रमात व्यासपीठावर कोण बसलं ते सगळेच लिहितात, तुम्ही मांडवाबाहेर कोण उभं आहे ते बघा. डिप्लोमाचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं, ते वाक्य मात्र विसरलो.

म्हणून आज लिहितोय. उशिरा का होईना.

आता ही फक्त आपल्याकडची गोष्ट आहे का? नाही.

२४ फेब्रुवारी २०२०. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प अहमदाबादला आले. अहमदनगर आणि अहमदाबाद यात पार्सलवाले नेहमी घोळ घालायचे, तो विषय वेगळा. विमानतळाकडून जाणाऱ्या रस्त्यालगत सराणियावास ही झोपडपट्टी आहे. तिच्यासमोर साधारण अर्धा किलोमीटरची भिंत उभी राहिली. महापालिकेने सांगितलं की ही भिंत आधीच ठरलेली होती, अतिक्रमण रोखण्यासाठी होती. असेल बुवा. पण नेमकी पाहुणा यायच्या आठवड्यातच भिंतीला जाग का आली, हे विचारायला डिप्लोमा लागत नाही.

डिसेंबर २०२२. जी-ट्वेंटीचं अध्यक्षपद भारताकडे आलं आणि मुंबईत बैठक झाली. महामार्गालगतच्या वस्त्यांसमोर पडदे आणि फलक लागल्याच्या बातम्या आणि फोटो सगळ्यांनी पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत शिखर परिषद झाली. तिथेही वस्त्यांसमोर हिरवी जाळी. माकडांनी कार्यक्रमात गोंधळ घालू नये म्हणून लंगुरांचे कटआउट लावले, तेही आपण पाहिलं.

ती हिरवी जाळी म्हणजे आपलं शेडनेट. आपल्या जिल्ह्यात शेतकरी शेडनेट कशाला लावतो? आत काकडी असते, ढोबळी मिरची असते, कोवळी रोपं असतात. त्यांना ऊन लागू नये म्हणून. म्हणजे आतल्या जिवाला जपायला. शहरातलं शेडनेट उलटं आहे. ते बाहेरच्याच्या डोळ्यांना जपतं. आतला जीव उन्हात मेला काय, पाण्यात वाहून गेला काय, जाळी काढायच्या दिवसापर्यंत कोणी आत डोकावत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय राव, घरी पाहुणे आले तर आपण घर आवरतोच की! पसारा झाकतो, चांगली चादर काढतो, फुटका कप मागे ठेवतो.

बरोबर आहे. मीही आवरतो. पण पाहुणे आले म्हणून आपण आजीला माळ्यावर कोंडतो का? "आजी, तू जरा खोकतेस, लुगडं जुनं आहे, पाहुणे जाईपर्यंत तोंड दाखवू नकोस" असं कोणी म्हणतं का? उलट पाहुणा आला की आधी त्याला आजीच्या पाया पडायला नेतो. ही आपली रीत. गावाकडं आजही पाहुण्याला पहिल्यांदा तांब्याभर पाणी मिळतं, आणि ते पाणी घरातला माणूस स्वतः देतो. घरातली माणसं लपवून केलेला पाहुणचार हा आपल्या संस्कृतीत बसत नाही, तेव्हा "अतिथी देवो भव"चा फलक त्या जाळीवर लावू नका. एवढीच विनंती.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. तोही मान्य. नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा मुंबईत मणिभवनला जाणार होते, तेव्हा त्या परिसरातल्या झाडांवरचे नारळ उतरवले होते, डोक्यात पडायला नको म्हणून. लोक हसले. मला त्यात काही चूक वाटत नाही. नारळ उतरवणं ही काळजी झाली. पण पेरूवाल्या मावशीपासून कोणत्या राष्ट्राध्यक्षाला धोका होता, ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो. "अहो, त्या निमित्ताने रस्ते तरी होतात ना!" होतात. हेच तर दुखणं आहे. याचा अर्थ पैसा होता, माणसं होती, डांबर होतं, निविदा निघू शकत होती, रात्रीत काम होऊ शकत होतं. फक्त आपल्यासाठी ते करायचं नव्हतं. नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी नवीन काय सांगू? राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी, कोपरगाव. या रस्त्यासाठी आंदोलनं झाली, उपोषणं झाली, घराघरात कोणाचं तरी हाडमोडीचं एक्स-रे पाकीट आहे. मोठा पाहुणा यायचा असला की मात्र खड्डा शोधून सापडत नाही. पाहुणा गेला, पाऊस आला, खड्डा परत हजर. शिर्डीला विमानतळ झालं, १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपतींच्या हस्ते काकडीत उद्घाटन झालं. चांगलं झालं. पण विमानाने आलेला पाहुणा जेवढ्या रस्त्यावरून जातो तेवढाच रस्ता म्हणजे जिल्हा, असं समजायची सवय लागली तर बाकीच्यांनी कुठं जायचं?

काही जण म्हणतील, हे सगळ्या जगात चालतं. खरंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठी परिषद होती, चीनचे अध्यक्ष येणार होते. रस्त्यावर राहणाऱ्या बेघर लोकांना हलवून भाग चकाचक केला. तिथल्या राज्यपालांनी मात्र उघडपणे मान्य केलं की हो, मोठे नेते येणार म्हणूनच हे चाललंय. आपल्याकडे एवढं तरी कोणी मान्य करेल का? आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे. नियमित देखभालीचं काम. नियमित! वर्षातून एकदा, पाहुणा आला की नियमित.

ही सवय आजची नाही. २ डिसेंबर १९११ ला राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. आज तिथे गेटवे ऑफ इंडिया आहे आणि सगळे सांगतात की ती राजाच्या स्वागताला बांधली. पण राजा आला तेव्हा गेटवे नव्हतीच. होती ती तात्पुरती सजावट, पुठ्ठ्याची कमान म्हणूनच ती गोष्ट सांगतात. पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ ला आणि बांधकाम पूर्ण झालं १९२४ मध्ये. म्हणजे ज्याच्यासाठी कमान, तो पुठ्ठा बघून परत गेला. आणि त्याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची फौज बाहेर पडली. राज्य गेलं, राणी गेली, पुठ्ठ्याची अक्कल मात्र आपल्या कार्यालयांत राहून गेली.

आता जरा गंभीर मुद्दा. इथे मला भांडायचंय.

परदेशी पाहुण्याचं नागरी स्वागत म्हणजे काय? शहराने केलेलं स्वागत. शहर म्हणजे कोण? शहरातली माणसं, आणि त्यांच्या वतीने त्यांनी निवडून दिलेला महापौर. आता २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात जी-ट्वेंटीच्या निमित्ताने काय झालं बघा. डिसेंबर २०२२ ला मुंबई. १६ आणि १७ जानेवारी २०२३ ला पुणे. २७ आणि २८ फेब्रुवारीला तेव्हा नुकतंच छत्रपती संभाजीनगर झालेलं औरंगाबाद, तिथे महिलांच्या प्रश्नांवरची डब्ल्यू-ट्वेंटी. मार्चमध्ये नागपूर, सी-ट्वेंटी. चारही शहरं सजली, रंगली. फेटे, तुतारी, औक्षण, ढोल-ताशा, सगळं झालं.

आणि या चारही शहरांत त्या दिवशी महापौर नव्हता. मुंबई, पुणे आणि नागपूरच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. संभाजीनगरची तर एप्रिल २०२० मध्ये. सगळीकडे प्रशासक. वॉर्डात गटार तुंबलं तर सांगायला नगरसेवक नाही, आणि पाहुण्याला शाल घालायला महापौर नाही. पुण्याच्या बैठकीचा विषय काय होता माहितीय? उद्याच्या शहरांसाठी पैसा कसा उभा करायचा, आणि ती शहरं सर्वसमावेशक, टिकाऊ कशी करायची. सर्वसमावेशक! ज्या शहरात त्या दिवशी लोकांचा निवडलेला एकही प्रतिनिधी सभागृहात बसलेला नव्हता, त्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात बसून. पाहुण्यांनी कोणी विचारलं असतं की "तुमचे महापौर कुठे आहेत", तर काय सांगितलं असतं? त्यांच्यावर पण शेडनेट टाकलंय म्हणून?

संभाजीनगरचं तर आणखी विशेष. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येतं, ज्या शहरात बाईची झोप पाण्याच्या वेळापत्रकावर ठरते, तिथे महिलांच्या प्रश्नांवर आंतरराष्ट्रीय बैठक. विषय चांगला, येणाऱ्या महिलाही चांगल्या. त्यांना वेरूळ दाखवलं, मकबरा दाखवला. रात्री दोन वाजता हंडे-टाक्या भरणारी एक गल्ली दाखवली असती, तर बैठक खरी झाली असती.

आमच्या नगरची वेगळी कथा नाही. डिसेंबर २०२३ ला इथली मुदत संपली आणि इथेही प्रशासक. शेवटी यंदाच्या जानेवारीत सगळ्या महापालिकांच्या निवडणुका झाल्या. आता नगरसेवक आहेत. आता निमित्त नाही. म्हणूनच ही पोस्ट आत्ता.

आणि अजून एक गोष्ट नगरकरांनो, परदेशी पाहुणे आपल्याला नवीन नाहीत. दौंड रोडला अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबांची समाधी. दरवर्षी ३१ जानेवारीला अमरतिथीला अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इराण, कुठून कुठून लोक येतात, हजारोंनी. रिक्षात बसतात, बाजारात फिरतात, आपल्याच रस्त्यावरचे खड्डे चुकवतात. त्यांच्यासाठी कोणी जाळी लावत नाही, कोणी लेझीम पथक उभं करत नाही. तरी ते पुढच्या वर्षी परत येतात. मग ताफ्यातल्या पाहुण्यालाच शहर बघवत नाही, असं कोणी ठरवलं?

दुसरं उदाहरण हिवरे बाजार. नगरपासून पंधरा-वीस किलोमीटर. तिथेही देशोदेशीचे लोक येतात. काय बघायला येतात? पाणी. पाऊस किती पडला त्याचा ताळेबंद गाव मांडतं, आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. पोपटराव पवारांनी आणि गावाने १९८९-९० पासून हे उभं केलं. पाहुणा येवो न येवो, गाव तसंच दिसतं, कारण ते पाहुण्यासाठी केलेलंच नाही. तिथे झाकायला जाळी लागत नाही. बाहेरच्याला दाखवण्यासारखं काय असतं, ते आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंबई-दिल्लीला शिकायला जायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात लागते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं. नावावरून खूप बोलून झालं, ते परत उकरत नाही. पण नाव घेतलंय तर त्या बाईचं काम बघा. चोंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींनी काशीपासून कुठे कुठे घाट बांधले, विहिरी, बारव, धर्मशाळा बांधल्या. कोणासाठी? ओळख ना पाळख अशा वाटसरूसाठी. परक्या मुलुखातून पायी आलेल्या माणसाला सावली आणि पाणी मिळावं म्हणून. पाहुण्याचं स्वागत म्हणजे हे. दगडी. अडीचशे वर्षांनी पण लोक त्याच पायऱ्या उतरतात. आणि आपण? आपल्या कुंड्या ताफ्याच्या मागच्या गाडीबरोबर परत नर्सरीत जातात.

नुसतं रडगाणं गाऊन थांबत नाही. २०२७ ला नाशिकला कुंभमेळा आहे. शिर्डीवर त्याचा लोंढा येणारच, त्यात परदेशी लोक असणार, मोठे पाहुणे असणार, ताफे असणार. म्हणजे गेरू-चुन्याचे डबे आतापासूनच भरले जातील. त्याआधी नवीन नगरसेवकांनी, आमदारांनी, जिल्ह्याच्या प्रशासनाने एवढं करावं.

एक. स्वागतावर किती खर्च झाला, कोणत्या कामावर, कोणत्या ठेकेदाराला, आणि त्या कामाचा दोषदायित्व कालावधी किती, हे पाहुणा गेल्यावर महिन्याच्या आत फलकावर लावा. मराठीत. चौकात. स्वागताचे फ्लेक्स लावायला जागा मिळते, मग याला पण मिळेल.

दोन. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की कोणाला हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल उचलला तर नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा. "उद्यापासून तीन दिवस बसू नका" हे तोंडी फर्मान कायद्यात कुठेच नाही. हातगाडीवाल्या भावांनो, भाजीवाल्या मावशींनो, हे लक्षात ठेवा. पुढच्या वेळी कागद मागा. कागद नसेल तर मला फोन करा, या वेळी मी हसून निघून जाणार नाही.

तीन. शाळेतली पोरं उन्हात तासन्‌तास उभी करणं बंद करा. लेझीम खेळायला पोरांना आवडतं, पण ताफा दोन तास उशिरा येतो आणि थांबतही नाही. चक्कर येऊन पडलेलं पोर कुठल्याच फोटोत नसतं.

चार. कुंडी नको, झाड लावा. जमिनीत. तीन वर्षं जगलं तर बिल काढा.

पाच. पाहुण्याला कचरा डेपो पण दाखवा, झोपडपट्टी पण दाखवा. सांगा त्यांना की हे आमचं राहिलेलं काम आहे, तुमच्याकडे तुम्ही कसं केलं? मोठं राष्ट्र असंच बोलतं. लपवतो तो लहान असतो.

मला माहितीय, खाली कमेंटमध्ये कोणीतरी लिहील की हा देशाची बदनामी करतोय. त्यांना आधीच सांगतो. देशाची बदनामी झोपडीने होत नाही. झोपडीत राहणारा माणूस सकाळी उठून तुमच्या शहराचा रस्ता झाडतो, तुमच्या पोराला शाळेत सोडतो, तुमच्या घराच्या विटा उचलतो. त्याला जाळीमागे टाकून आपण जगाला सांगतो की आम्हाला आमच्याच माणसांची लाज वाटते. बदनामी ती.

त्या मावशी आता तिथे बसत नाहीत. गेल्या वर्षी मी मुद्दाम चौकशी केली. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, गुडघे गेले, आता सून बसते, थोडी पुढे, कमानीजवळ. सुनेकडून किलोभर पेरू घेतले. तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

पण त्यांचा प्रश्न मी आज विचारतोय, जाहीर. ज्यांच्याकडे स्वागताची फाइल आहे त्या सगळ्यांना.

साहेब, पाहुण्यांना पेरू चालत नाही का?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच. आणि तुमच्या गावात स्वागताच्या नावाखाली काय काय झाकलं गेलं, ते कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर फोटो टाका. या वेळी बातमी मांडवाबाहेरची करू.